तो आलेख १९७० पासूनच का सुरू होतो?

व्हॉट्सअ‍ॅपवर एक आलेख फिरतो. थोड्याफार फरकाने तुमच्याही ग्रुपवर येऊन गेला असेल. एक रेघ वर चढते: शिकलेल्या, नोकरी करणाऱ्या मुली. दुसरी खाली घसरते: जन्माला येणारी मुलं. मधे दोघींची फुली. खाली मजकूर असा, की जपान आणि कोरिया संपत चालले. मुली शिकल्या, नोकरीला लागल्या, संस्कृती सुटली आणि पाळणे रिकामे झाले. भारताने वेळीच शहाणं व्हावं, मुलींची लग्नं लवकर उरकावीत.

घसरण खरी आहे, त्याबद्दल वाद नाही. कोरियात एका बाईमागे सरासरी मुलं २०२३ मध्ये ०.७२ वर आली, २०२४ मध्ये जराशी सावरून ०.७५ झाली. जपानचा २०२४ चा आकडा १.१५. लोकसंख्या टिकायला साधारण २.१ लागतात. वाद आहे तो या आकड्यांच्या तोंडी घातलेल्या गोष्टीशी.

आधी ती फुली. एका रेघेचं माप टक्क्यांत, दुसरीचं मुलांच्या संख्येत. दोन बाजूंना दोन वेगळी मापं घेतली की रेघा कुठे छेदायच्या हे काढणाऱ्याच्या हातात असतं. मुलींच्या जागी घरोघरचे एसी किंवा मोटारी घातल्या तरी अशीच फुली पडेल. एवढं बोलून हे सोडून देऊ, कारण खरी गंमत डावीकडच्या टोकाला आहे. आलेख १९७० पासून सुरू होतो. चारच वर्षं मागे गेलं असतं तर?

जपानमध्ये १९६५ साली सुमारे १८ लाख २४ हजार मुलं जन्मली. १९६६ साली १३ लाख ६१ हजार. १९६७ साली १९ लाख ३६ हजार. एका वर्षात चौथा हिस्सा गायब आणि पुढच्या वर्षी परत हजर! युद्ध नाही, साथ नाही, दुष्काळ नाही. १९६६ हे ‘हिनोए-उमा’, म्हणजे अग्नी-अश्वाचं वर्ष होतं. त्या वर्षी जन्मलेली मुलगी तापट निघते, नवऱ्याच्या मुळावर येते अशी समजूत. सतराव्या शतकात एदो (आजचं टोकियो) शहरात आग लावल्याबद्दल जिवंत जाळलेली ओशिची, एका भाजीवाल्याची मुलगी, अशाच अग्नी-अश्वाच्या वर्षातली होती असं सांगतात. आपल्याकडची कडक मंगळाची मुलगी आठवा. तिथे मंगळ अख्ख्या वर्षालाच लागतो. आपल्या साठ संवत्सरांसारखं त्यांचंही चक्र साठ वर्षांचं, त्यामुळे २०२६ पुन्हा अग्नी-अश्वाचंच.

आता ही खाच फॉरवर्डवाल्यांनी आपल्या गोष्टीत बसवून दाखवावी. संस्कृती सुटली की मुलं कमी होतात म्हणे. इथे संस्कृती घट्ट धरली म्हणून साडेचार लाखांहून जास्त मुलं त्या वर्षी जन्मली नाहीत.

कोरियाचा पुरावा याहून बोचरा आहे. तिथे १९९० हे पांढऱ्या घोड्याचं वर्ष. त्या वर्षीच्या मुली हट्टी निघतात म्हणून बदनाम. तोवर सोनोग्राफी हाताशी आली होती. त्यामुळे एकूण जन्म घटलेच नाहीत, फक्त मुली घटल्या. हजार मुलग्यांमागे मुली १९८९ मध्ये सुमारे ८९४, १९९० मध्ये ८५८, १९९१ मध्ये ८९०. गर्भाचं लिंग सांगायला १९८७ पासून कायद्याने बंदी होती, तरीही. पुढे मुली शिकल्या, कमावत्या झाल्या, पुरुषालाच घराचा कर्ता मानणारी कुटुंबनोंदणी २००५ मध्ये कोर्टाने घटनेशी विसंगत ठरवली आणि २००७ च्या सुमारास प्रमाण नैसर्गिक पातळीवर आलं. (इथे मीही दोन रेघा शेजारी ठेवतोय, मान्य. पण फॉरवर्डला मुलींच्या शिक्षणाची रेघ इतकी आवडत असेल, तर तिच्या शेजारी ही रेघही काढावी.)

‘संस्कृती सुटली’ हा मुद्दा मुळात तपासण्यासारखा आहे. लग्नाबाहेर जन्मणारी मुलं फ्रान्समध्ये ६० टक्क्यांहून जास्त आहेत, जपानमध्ये दोन-अडीच टक्के. म्हणजे ‘आधी लग्न, मग मूल’ हा नियम जपानी माणूस आजही काटेकोर पाळतो. लग्नाला १५ ते १९ वर्षं झालेल्या जपानी जोडप्यांना सरासरी किती मुलं असतात? २०२१ च्या सरकारी पाहणीत १.९०. दोनाला जेमतेम कमी. मग घसरण आली कुठून? बरीचशी लग्नच न झाल्यामुळे. पन्नाशीपर्यंत अविवाहित राहिलेले पुरुष १९७० मध्ये २ टक्केही नव्हते, २०२० मध्ये २८ टक्के झाले. बायकांचं प्रमाण ३ वरून १८ टक्क्यांवर गेलं.

लग्न का टळतं याची कारणं बरीच आहेत: नोकरीचा भरवसा नाही, घरं महाग, कोरियात तर मुलाच्या शिकवणीचा खर्च आधीच डोळ्यांसमोर उभा राहतो. पण एक कारण मिनिटांत मोजलेलं आहे. जपानच्या २०२१ च्या पाहणीत, सहा वर्षांखालचं मूल असलेल्या घरात घरकाम आणि मूल सांभाळण्यात बायकोचे दिवसाला ७ तास २८ मिनिटं जात होते, नवऱ्याचे १ तास ५४ मिनिटं. नोकरी करणाऱ्या मुलीने हा हिशेब बघून लग्नाला नाही म्हटलं, तर तिने काय सोडलं आणि कुणी काय सोडलं नाही?

नोकरीचा मुद्दा आपल्याच घरात कोसळतो. भारतात कामात असलेल्या किंवा काम शोधणाऱ्या बायकांचं प्रमाण २००४-०५ मध्ये ४२ टक्क्यांच्या आसपास होतं, २०१७-१८ पर्यंत २३ टक्क्यांवर उतरलं (नंतर पुन्हा वाढलं). नोकरीमुळे मुलं कमी होत असतील, तर या काळात ती वाढायला हवी होती. झालं उलटं: एका बाईमागे २.७ वरून आधी २.२, मग २.०. आणि स्वीडनमध्ये नोकरदार बायका कोरियापेक्षा बऱ्याच जास्त, तरी तिथला आकडा कोरियाच्या जवळपास दुप्पट. तोही अलीकडे घसरतोय, हे लपवण्यात अर्थ नाही.

शिक्षणाबाबत मात्र फॉरवर्डचं अर्धं खरं आहे. भारतात २०१९-२१ च्या कुटुंब आरोग्य पाहणीत शाळेत न गेलेल्या बाईमागे २.८ मुलं, बारावी किंवा पुढे शिकलेलीमागे १.८. पण एका बाईमागे सहा मुलांवरून दोनवर येणं वेगळं आणि दोनवरून पाऊणवर येणं वेगळं. कोरियातली पहिली घसरण काही एकट्या मुलींनी घडवलेली नाही. सरकार हात धुऊन मागे लागलं होतं. १९७० च्या दशकात घोषणा होती मुलगा-मुलगी भेद नको, दोनच पुरेत. नसबंदी केलेल्यांना नव्या सरकारी फ्लॅटच्या वाटपात प्राधान्य मिळायचं, राखीव सैनिकांना कवायतीतून सूटही. आपल्याकडच्या लाल त्रिकोणाच्या काळाशी हे ताडून पाहावं.

राहिला उपाय: मुलींची लग्नं लवकर लावा. याचा प्रयोग करून बघायची गरज नाही, तो चालूच आहे. त्याच २०१९-२१ च्या पाहणीत महाराष्ट्रातल्या २० ते २४ वयाच्या सुमारे २२ टक्के बायकांचं लग्न अठराच्या आत झालेलं होतं. राज्यात एका बाईमागे मुलं १.७. पश्चिम बंगालमध्ये हेच प्रमाण जवळपास ४२ टक्के, देशात सर्वांत वरच्या राज्यांत. तिथे एका बाईमागे मुलं १.६.