काबोचा राजवाडा राजवाडा म्हणून बांधलाच नव्हता

गोवा मुक्तिदिन जवळ आला की व्हॉट्सॲपवर एक मजकूर फिरू लागतो. दोनापावलच्या राजभवनाचा, म्हणजेच काबोच्या राजवाड्याचा, फोटो आणि त्याखाली ठणकावून केलेले दावे. हा राजवाडा पोर्तुगीज व्हाइसरॉयने 1540 मध्ये स्वतःला राहायला बांधला. तेव्हापासून गोव्याचे राज्यकर्ते अखंड इथेच राहत आले. पाचशे वर्षांत या वास्तूची एक वीटही हललेली नाही. 1961 ची शरणागती इथल्याच दरबार हॉलमध्ये लिहून दिली गेली. आणि कोळ्याच्या प्रेमापायी डोना पावलाने उडी मारली ती याच कड्यावरून. शेवटी 'प्रत्येक गोंयकारापर्यंत पोहोचवा' अशी आज्ञा. एवढ्या आग्रहाने पोहोचवायचं तर निदान खरं तरी पोहोचवावं.

1540 हे साल खोटं नाही, आणि घोळ तिथूनच सुरू होतो. त्या सुमाराला वास्को द गामाचा मुलगा इश्तेव्हांव द गामा गव्हर्नर होता. त्याच्या काळात या टोकावर बांधकाम सुरू झालं, पण ते होतं एक लहानसा कोट आणि नोसा सिन्योरा दो काबोचं, म्हणजे भूशिराच्या मातेचं, कपेल (छोटं प्रार्थनाघर). जागा पाहिली की कारण कळतं. समुद्राकडे तोंड करून उभं राहिलं तर उजव्या हाताला मांडवीचं मुख आणि पलीकडे आग्वाद, डाव्या हाताला जुवारी आणि पलीकडे मुरगाव. दोन्ही नद्यांत शिरणारं गलबत इथल्या माणसाच्या नजरेतून सुटत नसे. म्हणजे ही टेहळणीची आणि प्रार्थनेची जागा होती.

पुढे 1594 मध्ये फ्रान्सिस्कन साधूंनी कपेलाला लागून मठ उभारला. सतराव्या शतकाच्या मध्यापासून गोव्याचे आर्चबिशपही इथे राहू लागले. मग एक प्रकरण आलं, जे त्या मजकुरात औषधालाही नाही. फ्रेंचांच्या आणि टिपूच्या धास्तीने इंग्रजांनी आपलं सैन्य गोव्यात आणून ठेवलं होतं. 1799 ते 1813 या काळात त्या फौजेचा मोठा तळ काबोवर होता. बराकी गेल्या, पण राजभवनाकडे जाणाऱ्या रस्त्यालगतचं इंग्रजांचं छोटं दफनस्थान अजून आहे. गोव्यात इंग्रज कुठून आले, असं विचारणाऱ्याला तिथे न्यावं. 1835 मध्ये गोव्यातल्या धार्मिक संघांवर बंदी आली, मठ सरकारजमा झाले आणि मगच काबोला गव्हर्नरांचे पाय लागू लागले. 1866 पासून ते गव्हर्नर जनरलचं एक सरकारी निवासस्थान म्हणून धरलं जातं. बांधलं गेलं तेव्हापासून सव्वातीनशे वर्षांनी!

'अखंड' या दाव्याचा समाचार जरा सविस्तर घ्यावा लागेल, कारण राज्यकर्त्यांच्या घराची खरी गोष्ट त्या मजकुरापेक्षा कितीतरी रंजक आहे. व्हाइसरॉय आधी जुन्या गोव्यात राहत. सुरुवातीला आदिलशहाच्या वाड्यात, मग 1554 पासून मांडवीकाठच्या किल्ल्यातल्या प्रासादात. आज फेरीच्या धक्क्याकडून वर येताना जी व्हाइसरॉयची कमान लागते, ती या प्रासादाच्या वाटेवरची. 1599 मध्ये ती व्हाइसरॉय फ्रान्सिस्कू द गामाने आपल्या पणजोबाच्या, म्हणजे वास्को द गामाच्या स्मरणार्थ उभारली. पण जुन्या गोव्याला साथींनी पोखरलं होतं. पाणी दूषित, माणसं पटापट मरत होती. 1695 मध्ये व्हाइसरॉय तिथून उठून रायबंदरच्या वाटेवर पणेलीला गेले. रोगराई तिथेही मागोमाग आली. मग 1759 मध्ये पणजीतला आदिलशहाचा राजवाडा दुरुस्त करून त्यांनी तिथे बिऱ्हाड मांडलं आणि ते 1918 पर्यंत तिथेच राहिलं. त्यानंतर काबो हे मुख्य निवासस्थान झालं. सत्तेचं घर असं नदीच्या प्रवाहाबरोबर टप्प्याटप्प्याने समुद्राकडे सरकत आलं.

इथे आणखी एक गोंधळ होतो. आदिलशहाचा राजवाडा म्हटलं की कुणी पणजीचं जुनं सचिवालय दाखवतं, कुणी जुन्या गोव्यातलं सेंट काजेतान चर्चजवळ एकटंच उभं असलेलं काळ्या दगडाचं दार. दोघंही बरोबरच, कारण वाडे दोन होते. पणजीचा उरला, जुन्या गोव्याचं नुसतं दार उरलं. आणि राज्यकर्त्यांच्या घराचं जुनेपण मोजायचंच असेल तर पणजीच्या वाड्याचा हक्क काबोच्या आधी लागतो. गव्हर्नर काबोला गेल्यावर त्या वाड्यात सचिवालय आलं, मुक्तीनंतर विधानसभाही तिथेच भरायची आणि 2000 साली ती पर्वरीला गेली.

'एक वीटही हललेली नाही' हे वाचून आधी हसू येतं ते विटेचं. गोव्यातल्या जुन्या भिंती चिऱ्याच्या, म्हणजे जांभ्या दगडाच्या, वर चुन्याचा गिलावा. समुद्राच्या टोकावरचा चिरा पावसाचा मारा आणि खारं वारं खातो; गिलावा पुन्हा पुन्हा केला नाही तर भिंत टिकत नाही. मग छपराकडे बघा. त्यावरची लाल मंगळुरी कौलं मंगळूरला बासेल मिशनने 1865 मध्ये काढायला सुरुवात केली. त्याआधी आपल्याकडे नळे असायचे, हातावर वळलेले, अर्धगोल. तेव्हा हे छप्पर सोळाव्या शतकातलं असणं शक्यच नाही. समुद्राच्या बाजूची लांबच लांब, प्रशस्त ओसरीही कोटाची किंवा मठाची वाटत नाही. साधूंना आतला चौक हवा असतो, सैनिकाला जाड भिंत. बाहेर बसून वारा खायला ओसरी लागते ती पाहुण्यांची ऊठबस असलेल्या साहेबाला. कोट, कपेल, मठ, बिशपचं घर आणि गव्हर्नरचा बंगला असे थर इथे एकावर एक चढले आहेत. या वास्तूचं मोल माझ्या मते त्यातच आहे, आणि 'जशीच्या तशी' म्हणणारा नेमकं तेच पुसून टाकतो.

शरणागतीची गोष्ट दोन ओळींत संपते. शेवटचा गव्हर्नर जनरल वासालो ई सिल्वा त्या वेळी काबोत नव्हताच, तो जुवारीपलीकडे वास्कोत होता. 19 डिसेंबर 1961 च्या रात्री सही झाली ती तिथे.

राहिली डोना पावला. ही बाई खरीखुरी होऊन गेली. श्रीलंकेतल्या जाफनापट्टणच्या पोर्तुगीज अधिकाऱ्याची मुलगी. 1644 मध्ये हे कुटुंब गोव्यात आलं, 1656 मध्ये तिचं आंतोनियो द सोतो मायोर याच्याशी लग्न झालं आणि 1682 च्या डिसेंबरात ती वारली. लग्नानंतर सव्वीस वर्षांनी. कोवळ्या वयात कोळ्याच्या प्रेमात पडून कड्यावरून उडी घेणारी नायिका या सालांत बसत नाही. धक्क्याजवळच्या खडकावरची पांढरी जोडी म्हणजे ती आणि तिचा प्रियकर, असं गाइड अजून बिनदिक्कत सांगतात. ते शिल्प 1969 मधलं, इर्सा फॉन लाइस्टनर या जर्मन शिल्पकर्तीचं, आणि त्याचा विषय भारत आहे. स्वतः डोना पावलाची खूण शोधायची तर काबोच्या कपेलात तिच्या नावाची शिळा आहे. 15 ऑगस्टला कपेलाचं फेस्त, म्हणजे उत्सव, असतं.