बोलोन्याचं विद्यापीठ पाद्र्यांची शाळा नव्हती

‘युरोपातली जुनी विद्यापीठं म्हणजे चर्चनं पाद्री घडवायला काढलेल्या शाळा, तिथं बायबलखेरीज काही शिकवत नसत, विज्ञानाला तर बंदीच होती.’ हा मजकूर हातोहात फिरतोय. शिकलीसवरलेली माणसंही तो पुढं पाठवतात, म्हणून लिहायला बसलो.

‘चर्चनं काढलेल्या’ इथंच पहिली चूक. इटलीतल्या बोलोन्याचं विद्यापीठ कुणी काढलं नाही, ते जमत गेलं. परंपरेनं त्याचं साल १०८८ धरतात. कायदा शिकायला लांबून आलेल्या तरुणांना त्या शहरात नागरिकाचे हक्क नव्हते. घरभाड्यापासून सगळीकडे नाडले जायचे. मग त्यांनी कारागिरांच्या श्रेणींसारखा (एका धंद्यातल्या लोकांच्या संघटनेसारखा) स्वतःचा संघ बांधला. अशा संघालाच लॅटिनमध्ये ‘युनिव्हर्सितास’ म्हणत. मास्तरांचे पैसे विद्यार्थी देत, रेक्टर, म्हणजे विद्यापीठाचा प्रमुख, विद्यार्थ्यांतूनच निवडला जाई, आणि तासाला उशिरा येणाऱ्या मास्तराला दंड बसे. नेपल्सचं विद्यापीठ तर १२२४ मध्ये सम्राट दुसऱ्या फ्रेडरिकनं काढलं, राज्यकारभाराला शिकलेली माणसं हवीत म्हणून.

पॅरिसचं वेगळं, हे मान्य. ते कॅथेड्रलच्या, म्हणजे बिशपच्या मुख्य चर्चच्या, शाळांतून वाढलं. पण १२२९ मध्ये तिथं शिपायांच्या हातून विद्यार्थी मारले गेले, तेव्हा मास्तरांनी संप केला आणि १२३१ मध्ये पोपकडून तास बंद ठेवण्याचा हक्क लिहून घेतला.

‘फक्त बायबल’? बोलोन्याची कीर्ती रोमन कायद्यावर उभी होती. धर्मशास्त्राचा विभाग तिथं १३६० च्या दशकात आला. इतरत्रही आधी तर्क, व्याकरण, गणित, खगोल.

विज्ञानबंदीच्या दाव्यात मात्र थोडं तथ्य आहे. पॅरिसमध्ये १२१० साली ॲरिस्टॉटलचे निसर्गविषयक ग्रंथ शिकवायला मनाई झाली होती. पण १२५५ मध्ये तेच ग्रंथ अभ्यासक्रमात सक्तीचे झाले. बोलोन्यात मोन्दिनो या वैद्यकाच्या मास्तरानं माणसाच्या प्रेताचं विच्छेदन करून १३१६ च्या सुमारास शरीररचनेवर ग्रंथ लिहिला. ऑक्सफर्डच्या मर्टन कॉलेजातल्या गणितींनी सारख्या त्वरणानं जाणारी वस्तू किती अंतर कापते याचा नियम मांडला, गॅलिलिओच्या ग्रंथाआधी सुमारे ३०० वर्षं.

या विद्यापीठांना बोल लावायचाच असेल तर स्त्रियांबद्दल लावा. त्यांना ही दारं जवळपास बंदच होती. इटलीतल्या पदुआत एलेना कोर्नारोला डॉक्टरेट मिळायला १६७८ साल उजाडलं. तिला ती धर्मशास्त्रात हवी होती. बिशपनं नकार दिला, म्हणून तत्त्वज्ञानातली मिळाली.