दारुहळद म्हणजे हळद नव्हे, भाऊजी!

आज पुन्हा घरच्या ग्रुपवर तो फोटो आला. हळदीची वाटी, काळी मिरी आणि खाली ठळक अक्षरांत, 'शास्त्रज्ञांनी सिद्ध केलं, अँटिबायोटिकला न जुमानणारे जंतू हळद-मिऱ्यानं मरतात, गोळ्या बंद करा.' पाठवणारे पुण्याचे भाऊजी. खाली सगळ्या नातेवाइकांचे जोडलेले हात. इथं मामाजी खाटेवर पडलेत, पायाच्या पट्टीतून पिवळं पाणी झिरपतंय, आणि गोळ्या बंद करा?

तूर कापून झाल्यावर वावरात धसकट मामाजींच्या तळपायात घुसलं, चप्पल फोडून. गावातल्या दवाखान्यात एक सुई टोचली आणि पुडीत गोळ्या बांधून दिल्या. नाव विचारलं तर म्हणे, "हेवी डोस हाय, बाई." दुसऱ्या दिवशी ठणका उतरला की मामाजींनी गोळ्या सोडल्या. "आता बरं हाय नं, कायले खाऊ?" उरलेल्या फळीवरच्या डब्यात गेल्या. त्यातल्याच दोन सासूबाईंनी माझ्या पोराला सर्दीसाठी दिल्या, मी वेचणीला गेले होते तेव्हा. सर्दी विषाणूची असते हो, तिच्यावर अँटिबायोटिकची गोळी चालतच नाही! पाय पुन्हा सुजला तेव्हा मेडिकलवाल्यानं चिठ्ठी न बघता दुसऱ्याच चार गोळ्या कापून दिल्या. पाकिटावर लाल रेघ असते ती कशासाठी? डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय देऊ नये म्हणून. कोण बघतं?

शेवटी जिल्ह्याच्या ठिकाणी नेलं, पू तपासायला दिला. कागदावर जंतूचं नाव आलं, स्टॅफिलोकॉकस ऑरियस, थोडक्यात स्टॅफ. पुढं औषधांची यादी आणि बहुतेकांसमोर 'आर'. म्हणजे त्या औषधाला हा जंतू दाद देत नाही. सिप्रोफ्लॉक्सॅसिन या अँटिबायोटिकसमोरही आर. तो कागद हातात धरून मी दवाखान्याच्या पायरीवर रडले.

मी बी.एस्सी.ला मायक्रोबायोलॉजी शिकले आहे. म्हणून त्या फोटोमागचं संशोधन शोधून वाचलं, आणि संताप आणखीच वाढला. कारण संशोधन खरं आहे, पण फोटोतलं एकही वाक्य त्यात नाही!

२००० साली अमेरिकेत स्टर्मिट्झ, लुईस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बर्बेरिस जातीच्या झुडपांवर काम केलं. आपली दारुहळद याच जातीची, हिमालयात वाढणारी. स्वयंपाकघरातल्या हळदीशी तिचं काहीही नातं नाही, नाव आणि पिवळा रंग सोडला तर. तिच्यातलं बर्बेरिन जंतूंना मारू शकतं, पण स्टॅफच्या आवरणात नॉर-ए नावाचा पंप असतो. विहिरीत झरा चालू असावा आणि वर मोटार उपसत राहावी, तसं आत शिरलेलं औषध तो बाहेर फेकतो. सिप्रोफ्लॉक्सॅसिनसुद्धा. आता त्यांनी तपासलेल्या झुडपाची करामत बघा. त्याच्यातच मेथॉक्सीहिड्नोकार्पिन म्हणून दुसरा पदार्थ सापडला. तो एकटा जंतूचं काही वाकडं करत नाही, फक्त ती मोटार बंद पाडतो, आणि मग बर्बेरिन आत टिकतं. किती सुंदर गोष्ट आहे ही! तिचा असा चिखल करायचा?

मिऱ्यातल्या पिपेरिनचंही तेच. जम्मूच्या संशोधकांनी २००६ मध्ये दाखवलं की सिप्रोफ्लॉक्सॅसिनसोबत पिपेरिन असलं तर स्टॅफ कमी औषधात अडतो. सोबत! गोळीऐवजी नाही, गोळीसोबत. तेही प्रयोगशाळेत, मात्रा मोजून. मिऱ्याचा काढा पिऊन कुणाचा पाय बरा झाला, असं त्यात कुठंच लिहिलेलं नाही. उलट पिपेरिन काही औषधांचं रक्तातलं प्रमाण वाढवतं, म्हणून गोळ्या चालू असताना मनानं मूठभर मिरी खाणं हा खेळ नव्हे.

भाऊजी, काल मामाजींनी तुमचा मेसेज वाचून घेतला आणि सकाळची गोळी उशीखाली लपवली. "पुन्याचा पोरगा शिकेल हाय, तो सांगते तं खोटं हाय काय?" यादीत जी दोन औषधं अजून चालतात, त्यातलं हे एक आहे. हेही वाया गेलं तर पुढं काय द्यायचं, ते सांगा ना मला.

गोळी मी समोर बसून गिळायला लावली. फळीवरचा डबा आज रिकामा केला. भाऊजी, तो फोटो ग्रुपवरून काढा, आणि रात्री मामाजींना स्वतः फोन करून सांगा की तुम्ही चुकीचं पाठवलं होतं. माझं ते ऐकत नाहीत, तुमचं ऐकतात.