गुडघा नक्की कुठे असतो?

हॉकीत पेनल्टी कॉर्नर देण्यात काही अवघड नाही. ‘डी’मध्ये, म्हणजे गोलसमोरच्या अर्धवर्तुळात, बचावपटूच्या पायाला चेंडू लागला, शिट्टी फुंकली, दोन्ही हात गोलकडे आडवे केले, काम झालं. पंचाची परीक्षा पाहतात ते त्यानंतरचे दोन सेकंद.

त्या दोन सेकंदांआधी एक लांबलचक तयारी असते. पाच बचावपटू गोलमध्ये जमतात आणि मास्क, हातमोजे, गुडघ्याचे पॅड शोधू लागतात. शाळेची बस दारात उभी असताना ज्या पोरांना बूट सापडत नाहीत, तीच मोठी होऊन पेनल्टी कॉर्नरला उभी राहत असावीत. मोठ्या आंतरराष्ट्रीय सामन्यांत यासाठी 40 सेकंद मोजून देतात. आमच्या सामन्यांत घड्याळ नसतं. तिथे ‘चला, चला’ म्हणणारा मी असतो.

आता नियम बघा. चेंडू बॅकलाइनवर, म्हणजे गोल ज्या रेषेवर असतो तिच्यावर, गोलखांबापासून किमान 10 मीटरवर. तो ढकलणाऱ्याचा निदान एक पाय मैदानाबाहेर. बाकीच्या आक्रमकांचा पाय, हात किंवा स्टिक, काहीही ‘डी’च्या आत टेकलेलं नको. गोलरक्षकासह पाच जण बॅकलाइनच्या मागे, उरलेले मध्यरेषेपलीकडे, आणि चेंडू हलेपर्यंत कुणीही जागा सोडायची नाही. इतक्या ठिकाणी एकाच वेळी बघायचं आणि निसर्गानं डोळे दिलेत दोन, तेही एकाच दिशेला. मध्यरेषा सहकारी पंच बघतो. निदान सामन्याआधी आमचं तसं ठरलेलं असतं.

रशर, म्हणजे शॉट अडवायला पुढे धावणारा बचावपटू, लवकर पळाला की त्याला मध्यरेषेपलीकडे पाठवायचं, त्याच्या जागी दुसरा नाही. तो जाता जाता म्हणतो, “सर, त्यानं हूल दिली!” हे खरं असेल तर मध्यरेषेपलीकडे जायचं ते चेंडू ढकलणाऱ्यानं. म्हणजे आधी एकाचा खांदा हलला की दुसऱ्याचा पाय, एवढंच सांगायचं असतं. दोघांमध्ये दहा मीटरचं अंतर, आणि मी एकटा.

फटक्याच्या उंचीबद्दल मात्र माझी तक्रार नाही. पहिला शॉट ‘हिट’, म्हणजे स्टिक फिरवून मारलेला फटका, असेल तर चेंडूनं 460 मिलिमीटरपेक्षा वरून गोलरेषा ओलांडायची नाही, आणि गोलच्या तळाची फळी, म्हणजे बॅकबोर्ड, तेवढीच उंच असते. फळी ‘धाड’ वाजली तर गोल, जाळी हलली तर नाही. हॉकीच्या नियमांत पंचावर खरी माया केली आहे ती या फळीनं. ड्रॅगफ्लिकला, म्हणजे स्टिकनं ओढत नेऊन फेकलेल्या चेंडूला, उंचीची मर्यादा नाही, धोकादायक नसला म्हणजे झालं. त्यामुळे फटका जाळीत गेला की मारणारा शपथेवर सांगतो की तो फ्लिकच होता. स्लॅपसुद्धा, म्हणजे स्टिक जमिनीलगत फिरवून मारलेला फटकाही, नियमानं हिटच. पण हे त्याला पटवताना त्याची स्टिक अजून त्याच्या हातात असते, हे मी विसरत नाही.

आणि मग येतो गुडघा. पहिल्या शॉटच्या 5 मीटर आत आलेल्या बचावपटूला चेंडू गुडघ्याखाली लागला तर पुन्हा पेनल्टी कॉर्नर. नीट उभ्या खेळाडूच्या गुडघ्यावर किंवा त्याच्या वर लागला तर शॉट धोकादायक, फ्री हिट बचावाला. कागदावर किती स्वच्छ आहे! प्रत्यक्षात रशर वाकून धावत असतो. शिवाय त्याचा पॅड नडगीपासून मांडीपर्यंत पसरलेला. पॅडला लागला म्हणजे गुडघ्याला लागला, हे त्याचं शरीरशास्त्र. तो पाय धरून बसतो, मी चालत जवळ जाईपर्यंत त्याचा हात चार बोटं वर सरकलेला असतो. आक्रमक मात्र त्याच्या घोट्याकडे बोट दाखवतात. एकाच माणसाचा एकच गुडघा इतक्या उंचींवर असू शकतो, हे मला हॉकीनं शिकवलं.

याहून वाईट म्हणजे शूर रशर. चेंडू स्टिकनं अडवायचा प्रयत्नही न करता तो छाती काढून थेट शॉटवर धावतो, चेंडू खातो आणि कोसळतो. प्रेक्षक हळहळतात, पाणी येतं. आणि नियम सांगतो, हा धोकादायक खेळ, शिक्षा यालाच. विव्हळणाऱ्या माणसाच्या डोक्यावरून दोन्ही हात आडवे करताना माझ्याइतका निर्दयी माणूस मैदानात नसतो.

एक कर्णधार असे होते की पहिल्या अर्ध्या डावात त्यांनी मला गुडघा म्हणजे वाटीच्या वरचं टोक, हे सविस्तर समजावलं. उत्तरार्धात पेनल्टी कॉर्नर त्यांना मिळाला, तेव्हा गुडघा वाटीच्या बराच वर सुरू होतो, असं त्यांचं ठाम मत झालं होतं. दोन्ही वेळा आवाज आणि आदर तितकाच. मी दोन्ही वेळा ‘खेळा’ म्हणालो.

सगळ्यात कठीण तो वेळ संपता संपता दिलेला कॉर्नर. भोंगा वाजला तरी सामना संपत नाही, कॉर्नर पूर्ण व्हावा लागतो. त्यात पुन्हा चेंडू कुणाच्या तरी पायाला लागतो, पुन्हा कॉर्नर, पुन्हा मास्क शोधणं. अंधार पडत चाललेला, राखीव खेळाडूंनी बॅगा भरलेल्या. चेंडू ‘डी’पासून 5 मीटरपेक्षा लांब गेला तरी सुटका. पंचानं निष्पक्ष असावं हे मला मान्य आहे. पण त्या घडीला एखाद्या बचावपटूनं चेंडू बाहेर झोडपला, की तो लवकर पाच मीटर पार करावा म्हणून मी मनातल्या मनात त्याच्यामागे धावत असतो.