यू-बोल्ट खुशाल कापा, पण पाट्याला आग दाखवू नका

दसऱ्याला पंधरा दिवस उरले की आमच्या गेवराईच्या कट्ट्यावर दुसरा विषय नसतो. टोळ्यांची उचल, उसाच्या गाड्यांची कामं, आणि कारखान्याचा बॉयलर पेटायच्या आत कोणाचं काय राहिलंय. यंदा निमित्त झालं माझ्या चुलत भावाच्या सहाचाकीचं. दोन दिवस झाले, गाडी घोड्यांवर, म्हणजे लोखंडी स्टँडांवर, उभी. मागचे पाटे, म्हणजे एक्सलवरच्या पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगा, उतरवायचेत आणि त्यांच्या यू-बोल्टचा एक नट हलेल तर शपथ.

"लई डोकं लावायलेत तुम्ही," मिस्त्री म्हणला. "गॅस आणा. नट लाल करा. दोन मिनिटांत निघतंय."

बप्पांनी चहाचा कप खाली ठेवला. तीस वर्षं गाड्या सांभाळलेला माणूस. "कामून घाई करायलास? रात्रभर डिझेल पाज. सकाळी बघू."

भावाचा भरवसा तिसऱ्याच गोष्टीवर: पान्याला चार फुटी पाईप. तेही त्यानं करून पाहिलं होतं. 80 किलोचा गडी अशा पाईपच्या टोकाला लोंबकळला की एक मीटरच्या दांड्यावर 100 किलो टांगल्यासारखा पीळ पडतो. बोल्ट सुटला नाही, पिळून तुटला. वर पाना निसटून भावाच्या हाताची सालं निघाली ती वेगळीच.

मिस्त्रीचं शास्त्र चुकीचं नाही, हे मी आधीच कबूल केलं. लोखंड गंजलं की गंज मूळ लोखंडाच्या दुपटीहून जास्त जागा धरतो, म्हणून आट्यांमधली फट भरून जाते. 20 एमएमचा नट 300 अंशांनी तापवला की त्याचं भोक साधारण 0.07 मिमीनं फुगतं. एका केसाएवढं, पण गंजाची पकड मोडायला तेवढं पुरतं. माझं भांडण उष्णतेशी नव्हतं, जागेशी होतं. यू-बोल्ट पाट्यांच्या थप्पीला कवटाळून बसलेला असतो. पाटा म्हणजे पाणी दिलेलं पोलाद. त्याला ज्योत लागून तो लाल झाला की पाणी उतरलंच. रंग जातो, थंड होतो, वरून काही दिसत नाही.

हे मी बघितलेलं आहे. काही वर्षांपूर्वी आमच्याच गाडीचं काम चालू होतं. पोरगं ज्योत धरून बसलं, नटाबरोबर खालचा पाटाही लालसर झाला. मी शेजारी उभा होतो. मला दिसलं आणि मी गप्प बसलो, कारण काम उरकायचं होतं. त्याच हंगामात उसानं भरलेली गाडी कालव्याच्या पुलाजवळ एका अंगाला बसली. मुख्य पाटा नेमका तिथंच तुटला होता. वर मोळ्यांवर दोन माणसं बसलेली होती. त्यांना काही झालं नाही, पण माझ्या डोळ्यांपुढून ती गाडी आजही हलत नाही.

कट्टा जरा वेळ शांत झाला. मग मिस्त्रीच म्हणला, "मग काय, नुसतं तेल पाजत बसायचं?"

नाही. आधी ठरवायचं, वाचवायचं काय. यू-बोल्ट एकदा आवळला की ताणलेला असतो. निघाला तरी तो परत वापरायचा नसतोच, नवाच टाकायचा. मग त्याच्यासाठी रात्र कशाला घालवायची? ग्राइंडरनं नटाला उभी चीर द्या आणि छिन्नीनं फोडा, नाहीतर पाट्यापासून लांबची दांडीच कापा. डिझेलच्या टाकीवर ओलं पोतं आणि ब्रेकच्या नळ्यांवर पत्रा टाकायला विसरू नका. त्याआधी चासी घोड्यांवर पक्की आणि एक्सलखाली जॅक, कारण शेवटचा यू-बोल्ट सुटला की एक्सल मोकळा होतो. इथं बप्पाही मान हलवायला लागले.

शॅकल पिनचं, म्हणजे पाट्याचं टोक चासीला जोडणाऱ्या पिनेचं, मात्र उलट. ती ज्या ब्रॅकेटमध्ये बसते ती चासीला रिबिटनं ठोकलेली. पिन गेली तर जाऊ द्या, पण ब्रॅकेटचं भोक फाटलं की खर्च कुठल्या कुठं जातो. तिथं बप्पांचा धीरच कामाला येतो. त्यांनी पहिलाच प्रश्न असा विचारला की भाऊ गप्प झाला: "लॉक बोल्ट पूर्ण काढलाव का नुसता ढिला केलाव?" तो पिनेच्या खाचेत अडकलेला असेल तर दिवसभर घण मारा, पिन हलत नाही. त्यांनी दुसरं सांगितलं जॅकचं. पाट्याचं वजन पिनेवर आहे तोवर ती सुटणार नाही. जॅक बोटभर वर, बोटभर खाली करून बघायचा. वजन उतरलं की पिन हातालाच सांगते.

भाऊ म्हणला, "पण एवढी जाम झाली कशी? गाडी तर जुनी नाही."

"पावसाळ्यात काय भरतोस?"

"खत."

"पोटॅश?"

पोटॅश म्हणजे पोटॅशियम क्लोराईड, मिठाचाच भाऊबंद. गोण्या फुटतात, भुकटी फळ्यांतून खाली झिरपते, वरून पाऊस. आणि बप्पांनी हात लावून बघितलं तर शॅकलचा ग्रीसचा निप्पल चिखलानं बुजलेला. नवं ग्रीस आत गेलंच नव्हतं.

अंधार पडता पडता आम्ही सगळे गाडीखाली. तारेच्या ब्रशनं तोंड घासलं, निप्पल बदलला, दर तासाला तेल सोडलं. ब्रॅकेटच्या एका बाजूला मिस्त्रीनं घण टेकवून धरला, दुसऱ्या बाजूनं मी हातोड्यानं ठोकत राहिलो. ठोका मोठा नको, पण थांबायचं नाही. रात्री साडेदहाला पिनेच्या कडेनं गेरूसारखी लाल भुकटी गळायला लागली. भावानं पाना लावला. पिन पाव आटा फिरली आणि तो जोर करायला गेला.

"परत उलटी फिरव," बप्पा म्हणाले. "तेल आत जाऊ दे."