पाय सैल सोडा

आपल्याकडे लग्नात पाय धुवून घ्यायचा मान नवरदेवाचा, नाहीतर विहिणीचा. मी दोन्ही नव्हे. तरी भाचीच्या आग्रहाखातर कोथरूडच्या एका चकचकीत नेल स्पामध्ये, साडी गुडघ्याशी गोळा करून, सिंहासनाएवढ्या खुर्चीत बसले होते.

आदल्या रात्री वज्रीने टाचा घासून त्यांवर कोकमतेल चोपडलं होतं. बाई येण्याआधी भांडी विसळून ठेवणारी माणसं आम्ही. परक्या मुलीपुढे भेगा घेऊन कशा जाणार? त्या मुलीने माझी टाच निरखली, फाईल चालवून पाहिली आणि हिरमुसून म्हणाली, "मॅम, इसमें तो कुछ निकल ही नहीं रहा."

पाय कोमट पाण्याच्या टबात होते तोवर ठीक होतं. पण तिने वाकून पाऊल हातात घेतलं मात्र, माझा हात आपसूक तिच्या डोक्यावर गेला आणि तोंडून निघालं, "सुखी राहा." ती दचकली. "कुछ चाहिए, मॅम?"

"पैर ढीला छोड़िए," हे तर ती जपासारखं म्हणत होती. कसा सोडणार? आपल्या पायाचा भार तिच्या हातावर नको, म्हणून मी तो अधांतरी तोलून धरलेला. पोटरीत गोळा यायची वेळ आली. वर तळव्याला ब्रश लागला की गुदगुल्या. हसावं तर शेजारच्या खुर्चीतल्या, डोळ्यांवर काकडी ठेवलेल्या बाईंची समाधी मोडणार. बरं, बघायचं कुठे? पायाकडे बघितलं तर देखरेख करतोय असं वाटतं, मोबाइलकडे बघितलं तर माज.

भाचीने शिष्टाचार पढवून पाठवलं होतं. वेळेवर जा. फोन गप्प ठेव. हत्यारं निर्जंतुक केलीत का, हे विचारायला लाजू नकोस. मी विचारलं, "ये औजार उबाला है क्या?" सुईणीलाच विचारावं असा प्रश्न, पण तिने शांतपणे सीलबंद पाकीट माझ्यासमोर फोडलं. मग धीर येऊन क्युटिकलही कापू नकोस म्हटलं. नखाच्या मुळाशी जंतूंना अडवणारी ती कड, तिला नुसतं मागे सारलेलं बरं. "नहीं काटती, मॅम," म्हणाली. बिचारीला माझ्याआधीही मावश्या भेटल्या असणार.

रंगाच्या तक्त्यात लाल रंगाचेच इतके भाऊबंद की मी शेवटी कुंकवाशी जुळणारा धरला. जेल पॉलिश म्हणे दिव्याखाली मिनिटभरात घट्ट होतं. पण काढताना ॲसिटोनचे बोळे आणि फॉइल बोटांना गुंडाळून बसायचं. एवढं कोण करतो! साधंच लावलं, हातांनाही. ते वरवर वाळतं लवकर, आतून कडक व्हायला मात्र तास लागतात. त्यामुळे बक्षिशी आधीच काढून ठेवायची असते. भाचीच्या यादीत नेमकं हेच नव्हतं.

दहाही बोटं पसरून मी म्हटलं, "बेटा, पर्स में से सौ का नोट निकालो." तिने संकोचत हात घातला. कढीपत्ता निघाला, लाइटबिल निघालं आणि मग पाचशेची नोट. शंभराची नव्हतीच. परत ठेव म्हणायला जीभ रेटेना.

"थँक्यू, आंटी!" ती खुलून म्हणाली. इतका वेळ मी मॅम होते.