हातोडी खाली ठेवा : जुन्या मोबाईलच्या फॉरवर्डला उत्तर

सोसायटीचा ग्रुप असो, भिशीचा असो की दहावीच्या बॅचचा, दर काही महिन्यांनी हा मेसेज उगवतोच. मजकूर थोडाफार बदलतो, सांगणे तेच. जुना मोबाईल कुणालाही देऊ नका : भंगारवाल्याला नाही, एक्स्चेंजमध्ये नाही, गरजू मुलाला तर नाहीच. रीसेट मारून फोन कोरा केला तरी फोटो आणि पासवर्ड परत काढता येतात. आयएमईआय नंबर (प्रत्येक फोनचा स्वतःचा ओळख क्रमांक) तुमच्या नावावर असतो, त्यावरून गुन्हा झाला की पोलीस तुमच्या दारात. शिवाय आतल्या सोन्यावर जुने फोन घेणारी मंडळी लाखो कमावतात. म्हणून हातोडीने फोडा आणि कचऱ्यात टाका.

यातली एक भीती खरी आहे, तिच्याकडे येतो. पण शेवटचा सल्ला असा आहे की तो पाळला तर ज्या गोष्टींची भीती घातली त्यातली एकही टळत नाही.

आधी रीसेट. हा दावा हवेतून आलेला नाही. २०१४ मध्ये अवास्ट या अँटिव्हायरस कंपनीने ई-बे या खरेदी-विक्रीच्या वेबसाइटवरून २० वापरलेले अँड्रॉइड फोन विकत घेतले आणि मालकांनी पुसलेले ४० हजारांहून जास्त फोटो त्यांतून परत काढून दाखवले. पुढच्याच वर्षी केंब्रिज विद्यापीठातल्या संशोधकांनी २१ अँड्रॉइड फोन तपासले आणि रीसेट नीट काम करत नसल्याचे दाखवून दिले. पण ते फोन होते अँड्रॉइड २.३ ते ४.३ वर चालणारे. तेव्हा रीसेट म्हणजे बऱ्याचदा अनुक्रमणिका फाडून पुस्तक तसेच ठेवण्याचा प्रकार होता. आताच्या फोनमध्ये साठवलेला सगळा मजकूर मुळातच सांकेतिक रूपात असतो आणि रीसेट केल्यावर तो उलगडणारी किल्लीच नष्ट होते. उरतात ती अर्थहीन अक्षरे. आयफोनमध्ये ही सोय बरीच जुनी आहे. अँड्रॉइडमध्ये २०१५ पासून बहुतेक चांगल्या फोनांना आणि २०१९ च्या अँड्रॉइड १० पासून स्वस्तातल्या नव्या फोनांनाही ती सक्तीची झाली. त्याआधीचा स्वस्त फोन असेल तर सेटिंग्जमध्ये 'एन्क्रिप्ट फोन' (मजकूर सांकेतिक करण्याचा पर्याय) दिसते का बघा, ते आधी करा, मग रीसेट करा.

खरी गळती दुसरीकडेच होते आणि फॉरवर्डमध्ये तिचा उल्लेखही नसतो : मेमरी कार्ड. साधा रीसेट कार्डाला हात लावत नाही आणि त्यावरचे फोटो बहुधा उघडेच असतात. लग्नाचे अल्बम, आधारचे फोटो, मुलांच्या शाळेचे दाखले सगळे त्या नखाएवढ्या तुकड्यावर ठेवून लोक फोन बिनधास्त एक्स्चेंजला देतात. कार्ड काढा, सिम काढा, ई-सिम असेल तर ते नव्या फोनवर न्या. यूपीआय आणि बँकेची ॲप नव्या फोनवर सुरू झाली याची खात्री करा, मगच जुना पुसा.

आता हातोडी. घरी फोन फोडणारा माणूस फोडतो ती काच. माहिती असते ती आतल्या बोर्डावरच्या चिपमध्ये, आणि दोन-चार घावांत ती शाबूत राहण्याचीच शक्यता जास्त. म्हणजे चिप जिवंत, आणि स्क्रीन मेल्यामुळे रीसेट करायची सोय संपली! त्याहून वाईट म्हणजे त्या काचेमागे लिथियम-आयन बॅटरी असते. तिला भोक पडले, ती चेपली, की आत शॉर्टसर्किट होते, ती क्षणात तापते आणि पेट घेते. हे घरात झाले नाही तर कचऱ्याच्या गाडीत होईल, जिथे पुठ्ठा आणि प्लॅस्टिक वाटच बघत असते. तिथे हात भाजणार तो सफाई कामगाराचा. फुगलेली बॅटरी असेल तर फोन चार्जिंगला लावू नका, दाबू नका, तसाच नेऊन द्या.

आयएमईआयच्या मुद्द्यात मात्र तथ्य आहे. पूर्वी बोहारीण जुन्या कपड्यांवर भांडी द्यायची, आता दुचाकीवर टब-बादल्या बांधून 'जुना मोबाईल द्या' म्हणत माणसे फिरतात. सगळेच गुन्हेगार नसतात, बरेच जण स्क्रीन, कॅमेरा, चार्जिंग पोर्ट असे सुटे भाग विकून पोट भरतात. पण २०२४ च्या ऑगस्टमध्ये तेलंगणात रामगुंडमच्या पोलिसांनी बिहारमधल्या तिघांना पकडले, तेव्हा त्यांच्याकडे असे गोळा केलेले सुमारे चार हजार जुने फोन सापडले. ते झारखंडमधल्या जामताडा-देवघर भागातल्या सायबर ठगांसाठी होते, असे पोलिसांनी सांगितले. ठगांना जुने फोन का हवेत? कारण फसवणुकीत वापरलेला फोन त्याच्या आयएमईआयवरून बंद केला जातो, मग त्यांना सतत कोरे नंबर लागतात.

तरीही 'नंबर तुमच्या नावावर' हे अर्धवट आहे. सातबाऱ्यासारखी आयएमईआयची मालकी कुठे नोंदलेली नसते. कॉल रेकॉर्डवरून त्या फोनमध्ये आधी कोणाचे सिम होते हे पोलिसांना कळते, त्यामुळे विचारणा होऊ शकते. विचारणा म्हणजे आरोप नव्हे, आणि तेव्हा उपयोगी पडते ती पावती. म्हणून फोन देण्याआधी स्टार-हॅश-०६-हॅश दाबून नंबर लिहून ठेवा, आणि घेणाऱ्याकडून तारीख व तो नंबर असलेला कागद घ्या. कागद मागितल्यावर जो टाळाटाळ करतो त्याला फोन देऊ नका, टब कितीही मोठा असो. तुमच्या नावावर किती सिम चालू आहेत आणि हरवलेला फोन कसा बंद करायचा, हे दोन्ही दूरसंचार विभागाच्या 'संचार साथी' पोर्टलवर २०२३ पासून आहे. ज्याला खरेच काळजी आहे त्याने फॉरवर्ड करण्याआधी तिथे जावे.

सोन्याचे फार लांबवत नाही. एका अंदाजाप्रमाणे दहा लाख फोनांतून फार तर ३४ किलो सोने निघू शकते, म्हणजे हजार फोनांमागे तीन तोळे. तेही नीट यंत्रणा असेल तर. टोकियो ऑलिंपिकची सुमारे पाच हजार पदके अशा जुन्या उपकरणांतून घडवली गेली, त्यासाठी ६२ लाख फोन आणि ७८,९८५ टन छोटी इलेक्ट्रॉनिक उपकरणे दोन वर्षे गोळा केली, तेव्हा प्रत्यक्षात ३२ किलोच सोने हाती आले. दिल्लीच्या सीलमपूरमध्ये बोर्ड जाळून आणि ॲसिडमध्ये बुडवून धातू काढणाऱ्यांच्या वाट्याला लाखो येत नाहीत, धूर येतो. तुम्ही फोडून कचऱ्यात टाकलेला फोनही वेचला गेलाच, तर फिरत फिरत अशाच कुठल्या तरी गल्लीत जाणार. तो तिथे जाऊ नये यासाठीच नोंदणीकृत रिसायकलर आहेत. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांनी रिसायकलिंगची जबाबदारी फोन बनवणाऱ्या कंपन्यांवर टाकली आहे, तेव्हा आपल्या ब्रँडचे संकलन केंद्र कुठे आहे हे त्यांनाच विचारा.

राहिला गरजू मुलगा. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये ऑनलाइन शाळेसाठी जुने फोन गोळा करण्याचे उपक्रम गावोगाव झाले, कारण अनेक घरांत एकच फोन होता आणि तो वडिलांबरोबर कामावर जायचा. चांगला चालणारा फोन रिसायकलरकडे नेण्याआधी त्याला दुसरा धनी शोधणे केव्हाही चांगले. पण अडगळ म्हणजे देणगी नव्हे. २०२५ पासून व्हॉट्सॲप अँड्रॉइड ५ च्या खालच्या फोनवर चालत नाही, त्याहून जुना स्मार्टफोन मुलाच्या फारसा कामाचा नाही. दिवसभर न टिकणारी बॅटरी बदलून द्या, चार्जर द्या. आणि रीसेट करण्याआधी गूगल खाते फोनवरून काढा, आयफोन असेल तर 'फाइंड माय' (हरवलेला फोन शोधण्याची सोय) बंद करा. हे विसरलात तर फोन सुरू करताच तो तुमचाच पासवर्ड मागू शकतो आणि मग घेणाऱ्याच्या घरी नुसता पडून राहतो.